किलोमागे वीस मिलिग्रॅम

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज पहिला कंटेनर गेला. अठरा टन ज्वारीचं पीठ, पंचवीस किलोच्या सातशे वीस पिशव्या. आमच्या निलंगा रस्त्यावरच्या गिरणीतून मुंबईच्या बंदराला, तिथून आफ्रिकेला वळसा घालून जर्मनीला. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतात म्हणून वळसा. भांडतात दुसरेच आणि आमचं पीठ पंधरा दिवस उशिरा पोचतं.

त्याआधी सकाळी एक प्रकार झाला. बिलोलीहून नव्या ज्वारीचा ट्रक आला होता. सुदर्शनला ताडपत्रीच्या घडीत गव्हाचे दाणे सापडले. ओंजळभर असतील. ड्रायव्हर म्हणाला, "परवा गव्हाची खेप होती मालक. झाडला की ट्रक."

"झाडला म्हणं!" सुदर्शनने त्याच्याच ट्रकमधली लोखंडी टॉमी उचलली आणि तोंडावर हाणली. दोन दात पडले. एक माझ्या चपलेजवळ येऊन पडला.

मी ड्रायव्हरला कापूस दिला आणि ट्रक न उतरवता परत पाठवला. सुदर्शनला म्हणाले, "तोंडावर मारायचं नाही." तो म्हणाला, "बरं, आत्या." माझ्या भावाचा मुलगा. आई गेल्यावर सातव्या वर्षापासून माझ्याकडेच वाढला. फाटक आणि गाड्या तोच पाहतो. तापट आहे, पण त्याच्यामुळे शिस्त आहे.

मी बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि मुलांना मारलंही. ती मुलं शिकली.

२८ ऑगस्ट, बुधवार

खरेदीदारांच्या वतीने शिल्पा नावाची मुलगी मुंबईहून फोन करते. गोड बोलते, पण एक अक्षर सोडत नाही. तिकडे काही लोकांच्या आतड्याला गव्हातला चिकट अंश चालत नाही. त्यांच्यासाठी म्हणून आपली ज्वारी. त्यात किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या वर गव्हाचा अंश निघाला की सगळा माल बाद. बायकांना मी मिठात बोट बुडवून दाखवलं. बोटाला चिकटलं तेवढं. पार्वतम्मा म्हणाली, "एवढ्यानं माणूस मरतंय व्हय? मग ती मानसं जगत्यात कशी?" सगळ्या हसल्या. मी हसू दिलं नाही.

आजपासून फाटकाच्या आत गहू बंद. पोळी, पाव, बिस्किट, शेवया, काही नाही. प्रत्येक डबा सुदर्शन उघडून बघणार. पार्वतम्माच्या पिशवीत बिस्किटाचा पुडा निघाला. त्याने नालीत फेकला. ती म्हणाली, साखर उतरली की लागतं. मी म्हणाले, गूळ आणा.

मग साहेबराव बोलला. हा पॅकिंग पाहतो. माझाच विद्यार्थी, पाचवी ते सातवी. बौद्धवाड्यातला पहिला मॅट्रिक. त्याची बायको चांगुणा चाळणीवर आहे. तो म्हणाला, "बाई, बायांचे डबे बाईमाणसानं बगावं. सुदर्शनशेठनं हात घालू नये."

"तुझ्या बायकोच्या डब्यात सोनं हाय का रे?" सुदर्शन म्हणाला.

"भाकर हाय. पण तिची हाय."

सुदर्शनने त्याची गचांडी धरली. मी मध्ये पडले. दोघांना कामाला लावलं. साहेबरावचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. फाटकावर उलट बोलू दिलं की उद्या तिथे गर्दी जमेल.

एवढ्यात घरी न्याहारीला गेलेला रेवणप्पा परत आला, काखेत रुमालाची गाठोडी, आणि सरळ आत गेला. चक्कीवर तीस वर्षं काढलेला माणूस. त्याला तपासायचं म्हणजे देवळात पुजाऱ्याचे खिसे तपासायचे.

१० सप्टेंबर, मंगळवार

प्रयोगशाळेचा पंधरवड्याचा कागद आला. गव्हाचा अंश नाही. सलग सहावा कागद. नमुना मी स्वतः काढते, रोज दुपारी चारला. पाचला कुरिअरवाला येतो. बी.एस्सी. रसायनशास्त्र, १९८३, ते असं कामाला आलं.

बत्तीस बायका, नऊ पुरुष. निलंग्याच्या पोरी पुण्याला कंपनीत जातात, त्यांच्या आया इथे येतात. दुसऱ्या कंटेनरचं दळण सुरू आहे. खरेदीदाराला दगडाच्या चक्कीचंच पीठ हवं. लोखंडी यंत्राचं चालत नाही. त्यांनी ही चैन करावी आणि आम्ही त्यासाठी दगडांना टाकी लावत बसावं. बसतो. रेवणप्पा दर दोन दिवसांनी छिन्नी-हातोडी घेऊन दगडाची झिजलेली धार पुन्हा काढतो.

मी त्याला जूनमध्येच बजावलं होतं, "दगड रोज सकाळी आरशासारखा स्वच्छ पाहिजे." तेव्हापासून तो सहाला येतो, सगळ्यांच्या आधी. कधी सांगावं लागलं नाही. पहिल्या दळणातलं थोडं पीठ गाईसाठी नेतो. मी बघितलं, पण काही म्हटलं नाही. अशा माणसाला तेवढं द्यावं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी एक कुत्रं तोंडात पोळीचा तुकडा घेऊन आवारात शिरलं. गोदामाच्या पायरीवर बसून खाऊ लागलं. सुदर्शनने पाण्याच्या जोडणीचा लोखंडी पाइप घेतला. पहिल्या घावाला कुत्र्याची कंबर गेली. ते पुढच्या पायांवर सरपटत फाटकाकडे निघालं. आणखी तीन घाव घातले. बायका चाळण्या सोडून उभ्या होत्या.

पायरी फिनेलने धुऊन घेतली. पोळीचा तुकडा मी चिमट्याने उचलला.

चांगुणा मला म्हणाली, "बाई, मानसाला मारायची सवय अशीच लागते." मी तिला चाळणीवर पाठवलं.

पाइप ऑफिसच्या दाराआड उभा करून ठेवलाय. उचलून न्यायला कुणाला सांगितलं नाही. राहिलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खंडेनवमी. चक्कीला झेंडूचा हार घातला होता, नारळ फुटायचा होता. तेवढ्यात शिल्पाचा फोन आला.

तिकडच्या बंदरावर माल तपासला. चाळीस पिशव्या उघडल्या. अकरामध्ये गव्हाचा अंश. एकीत किलोमागे चारशे मिलिग्रॅम.

मी म्हणाले, "शक्य नाही. आमच्याकडे कागद आहेत."

ती म्हणाली, "मॅडम, तुमचे कागद त्यांनीही पाहिलेत. म्हणून तर ते विचारतायत. इथे साफ होतं, तिथे कसं आलं?"

अठरा टन पीठ ते तिथेच जाळणार. दुसरा कंटेनर थांबवला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "कुणी मुद्दाम मिसळलं असेल, तशी पोलीस तक्रार असेल, तर ते याला घातपात धरतील. फेरतपासणी होईल आणि करार टिकेल. पण तुमच्या पद्धतीतच दोष निघाला तर संपलं. ते दुसऱ्या देशात पुरवठादार बघतायतच."

फोन ठेवला. नारळ फोडला. बायकांना प्रसाद दिला. कुणाला काही बोलले नाही. फक्त सुदर्शनला सांगितलं.

तो लगेच म्हणाला, "दळताना साफ, मग पिशवीत घाण. मधी कोण हाय, आत्या?"

मध्ये पॅकिंग आहे. पॅकिंगला साहेबराव.

१३ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवस हाच विचार. दुसरी वाटच दिसत नाही. चारचा नमुना शुद्ध असतो. म्हणजे चक्की शुद्ध. म्हणजे नंतर काहीतरी होतं. हे गणित मी दहा वेळा मांडलं.

साहेबराव माझ्याशी कामापुरतं बोलतो. डब्याचं प्रकरण कंटेनर गेल्यानंतरचं, पण सुदर्शनशी त्याचं त्याआधीपासून पटत नाही. सुदर्शन म्हणतो, कुणाकडून तरी पैसे खाल्ले असतील. मला हे पटत नाही. पण माणूस दुखावला की काय करेल सांगता येत नाही. त्याची जात माझ्या मनात नाही. शाळेत मी सगळ्यांना एका माठातलं पाणी पाजलं आहे.

उद्या त्याला ऑफिसात बोलावून सरळ विचारते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसात बोलवायची वेळच आली नाही.

साडेदहाला सुदर्शन ओरडत आला. त्याच्या हातात स्टीलचा डबा, त्यात पुऱ्या. "पॅकिंगच्या खोलीत सापडला. साहेबरावचा हाय. नाव घातलंय झाकणावर." सगळे मोकळ्या अंगणात जमले. साहेबराव आज पांढऱ्या शर्टात आला होता. त्यांचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस.

मी विचारलं, "डबा तुझा?"

"माझाच हाय, बाई. पण तो मी..."

"पुरी गव्हाची?"

"गव्हाचीच असती, बाई. पण ऐका तर..."

मी चापट मारली. एकच. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. शाळेत मारायचे तशी. ती शाळेतल्या साहेबरावलाच बसली असं मला वाटलं. तो शेहेचाळीस वर्षांचा आहे हे माझ्या हाताला ठाऊक नव्हतं.

मग सुदर्शनने पाइप आणला. त्याच्यामागे हमाल चौघं; माल बाद झाल्याचं त्यांना त्याने सांगितलं असणार. "आपल्या पोटावर पाय देतंस व्हय रे!" "बाईनं जागा दिली तर डोक्यावर बसला!" आणखीही शब्द होते, ते इथे लिहीत नाही. त्यांचा गव्हाशी काही संबंध नव्हता. साहेबराव पहिल्या घावाला गुडघ्यावर आला. खांद्याचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. मी "पुरे" म्हणाले. मग ओरडले. माझा आवाज शाळेच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तो चार हातांवर पोचला नाही. कुणीतरी बुटाने तोंडावर मारलं.

चांगुणा त्याच्यावर आडवी पडली तेव्हा थांबले. तिच्या पाठीतही दोन बसले होते.

पांढरा शर्ट छातीपासून खाली लाल झाला. पॅकिंगच्या पोरांनी त्याला मालाच्या टेम्पोत घालून लातूरला नेलं. अंगणावर पाणी मारून घेतलं. दुपारी चारला मी नमुना काढायला गेले, सवयीने. चक्की बंद होती.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

लातूरहून निरोप. डावा डोळा गेला. खांदा आणि तीन बरगड्या मोडल्या. जबडा तारेने बांधलाय, बोलता येत नाही.

संध्याकाळी गिरणीच्या पत्र्यांवर दगड आले. पाऊण तास. ऑफिसची काच फुटून माझ्या कपाळाला लागली, तीन टाके पडले. सुदर्शन हमालांना घेऊन बौद्धवाड्याकडे निघाला होता. मी फाटकाला आतून कुलूप लावलं आणि किल्ली पोलक्यात घातली. तो म्हणाला, "आत्या, किल्ली द्या." मी म्हणाले, "काढून घे." नाही घेतली.

पोलीस येऊन गेले. साहेबरावला मारणाऱ्यांच्या नावापुढे "अनोळखी जमाव," असं त्यांनी वहीत लिहिलं. माझा भाऊ किशनराव, सुदर्शनचा बाप, त्यांना चहा पाजत होता. गेल्यावर मला म्हणाला, "अॅट्रॉसिटी लागंल अक्का, पोरगं आत जाईल. त्याच्या आधी आपली तक्रार पाहिजे. साहेबरावानं मालात गहू मिसळला. डबा पुरावा हाय. त्यानंच आधी हात उचलला असं लिवू."

तक्रार टाइप करूनच आणली होती. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी. करार वाचतो, पोरगं वाचतं. शिल्पाला प्रत पाठवायची की झालं.

मी म्हणाले, चष्मा सापडत नाही, उद्या वाचते. चष्मा नाकावरच होता.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शिल्पाने तपासणीची यादी पाठवली, बाद पिशव्यांच्या क्रमांकांसह. तक्रारीला जोडायची म्हणून मी साहेबरावचं पॅकिंगचं रजिस्टर काढलं. त्याचं अक्षर सातवीत होतं तसंच, रेघेला धरून. पिशवी क्रमांक, तारीख, वेळ, शिवणाऱ्याचं नाव. एकही जागा मोकळी नाही. अशी नोंद ठेव म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

अकरा बाद पिशव्या मी रजिस्टरात शोधल्या. सकाळी सात दहा. सात पाच. सात वीस. सात आठ. सगळ्या अकरा, त्या त्या दिवसाची पहिली नाहीतर दुसरी पिशवी.

पॅकिंगची माणसं आठला येतात. पहिल्या दोन पिशव्या चक्कीखालीच भरून शिवून ठेवलेल्या असतात. शिवणाऱ्याच्या रकान्यात अकराही ठिकाणी एकच नाव आहे. साहेबरावने नंतर येऊन, विचारून, तेही लिहून ठेवलंय.

रेवणप्पा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

पहाटे साडेपाचला जाऊन चक्कीमागे उभी राहिले. रेवणप्पाला काल निरोप दिला होता की दुसऱ्या कंटेनरचं दळण सुरू करायचं आहे.

तो आला. दगडांना नमस्कार केला. रात्री टाकी लावलेली होती. त्याने गाठोडी सोडली आणि शेरभर गहू चक्कीत ओतला.

मी पुढे झाले. "हे काय?"

तो दचकला नाही. अभिमानाने म्हणाला, "दगड धुतोय अक्का. टाकी लावली की दगडाची कच ऱ्हातीय. ज्वारीनं न्हाई निघत ती, गव्हानंच निघतीय. माझ्या बापापासून हेच चाललंय. घरचा गहू हाय, गिरणीचा न्हाई. मग अर्धी पायली ज्वारी फिरवतो, ते पीठ गाईला. मग तुमचं दळण."

म्हणजे दगडात अडकलेला गहू पहिल्या दोन पिशव्यांत उतरतो आणि चारपर्यंत दगड साफ होतो.

"तुला सांगितलं होतं ना, गहू आत आणायचा नाही?"

"ते डब्यातल्या पोळीचं हो. खायच्या गव्हाचं." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचा आवाज गेला. "तुम्हीच म्हणालाव अक्का, दगड आरशागत पायजे."

मी हात उचलला. त्याने मान खाली घातली आणि डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला, मार नीट बसावा म्हणून. हात तसाच राहिला. चापट मारली नाही. का नाही मारली, हे सकाळपासून शोधते आहे. साहेबरावला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नव्हतं.

दुपारी सुदर्शनला सांगितलं. वाटलं, तो आता रेवणप्पावर धावून जाईल. मी दारात आडवी उभी राहिले होते. तो खुर्चीत बसला आणि हसला. "जाऊ द्या आत्या, म्हातारा हाय. आपलाच मानूस हाय. मुद्दाम थोडंच केलंय?"

"साहेबरावने केलं होतं मुद्दाम?"

"डबा तर सापडला ना त्याचा?" असं म्हणून त्याने मोबाइल काढला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

लातूरला गेले. सरकारी दवाखाना. साहेबराव झोपेच्या औषधात होता. अर्धं तोंड पट्टीत, उरलेलं सुजून काळं पडलेलं. मी ओळखलं नसतं. बोटांवरच्या निळ्या शाईवरून ओळखलं.

चांगुणा खाली चटईवर बसली होती. उठली नाही. मी सगळं सांगितलं. रजिस्टर, सकाळच्या पिशव्या, रेवणप्पाचा गहू. म्हणाले, त्याची चूक नव्हती.

"हे आमाला चौदा तारखेपास्नंच ठाव हाय, बाई."

"डबा मात्र आत..."

"डबा आत कुठं आनला त्यानं? गाडीच्या हँडलला लावला होता, फाटकाच्या भाईर. सांच्याला विहारात न्यायच्या होत्या पुऱ्या, लेकरांसाठी. आत आनायचा न्हाई म्हनून तर भाईर लावला. पार्वतम्मानं बघितलंय सुदर्शनला काढताना. तिला इचारा. बोलंल का म्हाईत न्हाई."

मी म्हणाले, "माझी चूक झाली, चांगुणा. मला माफ कर."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "तुमची माफी घिऊन मी काय करू? डोळ्यात घालू त्येच्या?" शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली. "पोलीस म्हनतोय, साक्षीदार न्हाई. एकेचाळीस मानसं हुबी होती अंगणात आन साक्षीदार न्हाई! तुमी बघितलंव ना? मग तिथं जाऊन सांगा. इथं रडू नका."

मी रडत नव्हते. तरी डोळे पुसले तर ओले होते.

पार्वतम्माकडे जाऊन आले. तिने दार उघडलं, माझं ऐकलं आणि म्हणाली, "मला काई ठाव न्हाई, बाई. माझी साखर उतरलीय." दार लावून घेतलं.

शिल्पाला रात्रीच लिहून पाठवलं. दोष आमच्या पद्धतीचा आहे. कुणी मुद्दाम केलेलं नाही. तक्रार येणार नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

शिल्पाचं उत्तर चार ओळींचं. प्रामाणिकपणाबद्दल आभार. करार संपुष्टात. पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा.

बायकांना बोलावून सांगितलं. कुणी ओरडलं नाही. एक म्हणाली, "साहेबरावाचा डोळा आता येत न्हाई, बाई. आमचं काम तरी वाचवायचं हुतं." दुसरीने तिला गप्प केलं, पण नकारार्थी मान कुणी हलवली नाही. बत्तीस घरं. यांनी कुणाला मारलं नव्हतं. जर्मनीतला तो माणूस, ज्याला गहू चालत नाही, त्यानेही नाही. मी त्यांना "घरी जा," म्हणाले.

अंधार पडताना किशनराव आणि सुदर्शन आले. तक्रार टेबलावर ठेवली, पेन वर.

किशनराव म्हणाला, "करार गेला ते गेलं. पोरगं वाचव."

मी म्हणाले, "उद्या पोलिसांत जाणार आहे. खरं सांगायला."

"खरं?" सुदर्शन म्हणाला. "पहिला हात कुणाचा होता, आत्या? तेबी सांगनार?"

"तेच पहिलं सांगणार."

त्याने माझं उजवं मनगट धरलं आणि बोटांत पेन कोंबलं. मी सोडलं. त्याने पुन्हा कोंबलं आणि पिरगाळलं. कट् आवाज झाला. किशनराव "अरे, अरे" म्हणत होता, पण खुर्चीतून उठला नाही. सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी होतं. पिरगाळायचं मात्र त्याने थांबवलं नाही. शेवटी माझा हातच पेन धरण्याजोगा राहिला नाही, तेव्हा सोडला. जाताना ऑफिसातल्या खुर्च्या, संगणक, कपाटाच्या काचा, सगळं पाइपाने फोडलं.

रजिस्टर मी पदराखाली धरून बसले होते. ते वाचलं.

हे डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाईट येतं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी मनगटाला प्लास्टर. तिथून सरळ पोलीस ठाणं. चांगुणा आणि तिची मुलगी आरती ठाण्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. मी आत गेल्यावर मागोमाग आल्या आणि भिंतीशी बाकावर बसल्या.

फौजदार तरुण आहे. म्हणाला, "बाई, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. हाताला काय झालं?"

"तेही सांगते. आधी चौदा तारखेचं लिहा."

"ते लिहिलंय की. अनोळखी जमाव."

"अनोळखी एकही नव्हता. चौघं माझ्या वर्गात होते. हजेरीच्या क्रमाने नावं सांगू?"

त्याने खुर्ची पुढे ओढली. आवाज खाली आणला. "तुमच्यावर पण गुन्हा लागंल, बाई. मोठं कलम हाय. जामीन मिळत नाही सहजासहजी. घरी जा, वकिलाला विचारा, उद्या या."

मी रजिस्टर टेबलावर ठेवलं. बाद पिशव्यांची यादी ठेवली. बिनसहीची तक्रार ठेवली. म्हणाले, "लिहा. साहेबरावला पहिली चापट मी मारली. त्याचं म्हणणं ऐकून न घेता. त्याने हात उचलला नव्हता."

तो लिहू लागला. मी सांगत गेले. पांढरा शर्ट, हमाल, बूट कुणाचा, चांगुणाच्या पाठीवरचे दोन घाव, आणि ओरडलेले ते शब्द, जे मी या वहीत लिहिले नव्हते. तिथे सगळे उच्चारले. चांगुणाने ते ऐकताना खाली बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"पाइप कुणाच्या हातात होता?"

मी पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

फौजदाराने लिहिलं. पुढच्या रकान्यावर पेन टेकवून थांबला. "आरोपीशी तुमचं काही नातं?"

बाहेर किशनरावची गाडी येऊन उभी राहिली होती. दार उघडल्याचा आवाज मी ऐकला.

"लिहा," मी म्हणाले. "आत्या."